सतरा नंबरची करडई

"ह्या ठिकाणी दोन कशी काय?" मनकर्णा पुटपुटली आणि लॅपटॉपचा पडदा जरा मागं झुकवून पुन्हा बघू लागली.

"काय झालं? बंद पडलं का?" झोळीची दोरी ओढता ओढता भामाबाईंनी विचारलं. झोळीत आठ महिन्यांची जाई झोपली होती. खरं तर अर्धवटच झोपली होती, कारण दोरी थांबली की झोळीतून एक पाय बाहेर येत होता.

"बंद न्हाई पडलं, आत्या. कायतरी चुकलंय."

"मंग आत्ताच बघून घे. ही काय घटकाभराच्या वर निजत न्हाई."

सासूचं म्हणणं खरं होतं. मनकर्णाचा कामाचा दिवस जाईच्या झोपेवर चालायचा. कणगीवर फळी टाकून तिनं टेबल केलं होतं. फोन खिडकीच्या गजाला टांगला की त्याच्यावरून इंटरनेट यायचं, आणि झोळी हलत असेतोवर तिची बोटं चालायची. लग्नाआधी ती हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत वर्षभर होती. बाळंतपणानंतर तिथल्या मॅडमनी आपण होऊन काम घरी दिलं. मॅडम मूळच्या परभणीकडच्या. "तुझी नजर चांगली आहे, ती घरात नुसती ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या होत्या.

काम कसलं, हे गावात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. भामाबाई बायकांना सांगायच्या, "ती अक्षरं निवडती." ते काही फार चुकीचं नव्हतं. पडद्यावर एक लांबच लांब सरळ रेघ असायची आणि तिच्याखाली ए, टी, जी, सी ही अक्षरं. चारच अक्षरं, पण लाखांनी. रेघेवर जागोजागी निळे ठोकळे दिसायचे. इथं एक जनुक सुरू होतं, इथं संपतं, असा सॉफ्टवेअरनं बांधलेला अंदाज होता तो. आणि त्याच्या खाली, एकाखाली एक, करड्या रंगाच्या बारीक पट्ट्या. यंत्रानं डीएनएचे जे तुकडे प्रत्यक्ष वाचले होते, ते. निळा ठोकळा खालच्या पट्ट्यांशी जुळतो का, हे मनकर्णानं बघायचं. जुळत नसेल तर माउसनं ठोकळ्याची कड धरून डावी-उजवीकडं सरकवायची आणि शेजारच्या चौकटीत कारण लिहायचं. यंत्राला अंदाज बांधता येतो, खात्री मात्र माणसाला करावी लागते.

आज खात्री होत नव्हती. तीस पट्ट्यांपैकी सोळा पट्ट्या एका जागी 'ए' म्हणत होत्या आणि चौदा 'जी'. एखादीच पट्टी वेगळं बोलली असती तर यंत्राची चूक म्हणून सोडून दिलं असतं. निम्म्यानिम्म्याचं काय करायचं? ती पुढं सरकली. दोनशे अक्षरांवर पुन्हा तेच. आणि गंमत अशी, की मागं ज्या पट्टीत 'ए' होतं तिच्यात इथं 'टी', आणि जिच्यात 'जी' तिच्यात 'सी'. पुढंही तसंच. दोन तऱ्हेच्या पट्ट्या आपापल्या सोबत्यांना धरून चालल्या होत्या. कुठंही एकमेकींत मिसळत नव्हत्या.

म्हणजे बियाच्या एकाच पुडीत दोन वाणं होती. नमुन्याचा नंबर बघायची गरजच नव्हती, तरी तिनं बघितला. सतरा.

सतरा नंबर तिच्याच वाडीचा होता. छबुबाईची करडई.

युसूफ वडगावच्या अंगाला असलेल्या सहा गावांतल्या बायकांनी मिळून बियाण्यांची सहकारी संस्था काढली, त्याला तीन वर्षं झाली होती. बायकांची संस्था, पण चेअरमन मोहनराव, कारण कागदं घेऊन बीडला हेलपाटे घालायला कुणीतरी लागतंच. त्या संस्थेनं गावोगावच्या करडईच्या पुड्या हैदराबादला पाठवल्या. रब्बीत एकच पाऊस झाला, ज्वारी गुडघ्यापर्यंत येऊन करपली, पण छबुबाईच्या गायरानातल्या दीड एकरात बांधाकडच्या करडईच्या ओळी हिरव्यागार उभ्या राहिल्या. दुष्काळाला न हटलेलं ते वाण सगळ्या पंचक्रोशीनं जाऊन बघितलं. प्रयोगशाळेत ते टिकलं, तर संस्थेच्या नावानं त्याची नोंद होणार होती, आणि नोंदीत राखणारीण म्हणून छबुबाईचं नाव लागणार होतं.

आणि पुडीसोबतचा फॉर्म मनकर्णानंच भरला होता. 'हे बी दहा वर्षांपासून एकाच घरचे असून त्यात कोणतीही मिसळ नाही.' अक्षर तिचं. खाली छबुबाईंनी साक्षरता वर्गात शिकलेली सही केली होती, एकेक काना जपून काढत.

चौकटीच्या कोपऱ्यात लाल बटण होतं. 'भेसळ. नमुना वगळा.' ते दाबलं की नंबर यादीतून जायचा आणि उरलेली पुडी जाळून टाकायची, असा नियम होता. हा भाग एकट्या मनकर्णाकडं तपासायला होता. अजून दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं.

झोळीतून पाय बाहेर आला, मग दुसरा. मनकर्णानं लॅपटॉप मिटला.

ऊन उतरल्यावर ती जाईला कडेवर घेऊन छबुबाईंच्या पत्र्याच्या घराकडं गेली. छबुबाई दारात बसून सुपात हुलगे पाखडत होत्या. साठी उलटली होती, पण हात थांबत नव्हता.

"आली का आमची कंप्युटरवाली!" सूप न थांबवता त्या म्हणाल्या. "आन ह्या लेकराला झळा लावीत कावून आणलीस गं? घरी सासू हाय न्हवं?"

"तिला तुमच्याकडंच यायचं होतं, मावशी."

"व्हय, तिनंच सांगितलं असंल. आण हिकडं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि जाईला मांडीवर घेतलं.

मनकर्णा जराशी घुटमळली. मग म्हणाली, "मावशी, त्या पुडीत तुमचंच बी होतं ना?"

"मंग कुणाचं? कलेक्टरचं?"

"तसं न्हाई. दुसरं काही मिसळलं नव्हतं ना?"

"मिसळंल कावून? मी काय दुकान घातलंय?" छबुबाईंचा आवाज चढला, म्हणून जाईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तिच्याकडं बघून त्यांनी तो लगेच उतरवला. "कोण म्हणालं मिसळ हाय म्हणून? मोहनराव?"

"कुणी न्हाई म्हणालं. मीच बघितलं." मनकर्णानं फोनमध्ये काढलेला पडद्याचा फोटो पुढं धरला. "ह्या बघा पट्ट्या. ह्या सोळा एक सांगतात, ह्या चौदा दुसरंच. दोन घरची बियं असल्यासारखी."

छबुबाईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यातलं मला काय कळतंय? पर दोन हायेत म्हणतीस तर दोनच असतील. केसरची मूठ हाय न्हवं त्यात."

"कुणाची?"

"केसरबाईची. माझ्या बांधाच्या पल्याडची. पौषात न्हाई का गेली."

"मावशी! मी विचारलं होतं तुम्हाला. मिसळ न्हाई ना म्हणून दोनदा विचारलं होतं."

"आगं, मिसळ कुठं हाय ती? पाठराखीण हाय."

ह्यात न कळण्यासारखं काय आहे, अशा नजरेनं त्यांनी मनकर्णाकडं बघितलं. ही दुसऱ्या गावची लेक, हिला कसं ठाऊक असणार, हे मग त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी जाईला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सावकाश सांगू लागल्या.

"नवी नवरी सासरी जाती तर एकटी लावून देतो का आपण? संगं एक बाई देतो. तसंच बियाचं. घरातून बी लांबच्या वावरात निघालं, की शेजारणीची एक मूठ संगं घालायची. आमच्या हिकडं समद्या घालतेत. एकटं बी लावून देणं बरं दिसत न्हाई. आन तू म्हणालीस हैद्राबादला जायचंय. येवढ्या लांब."

"आणि मग तिकडं दोन्ही एक होत न्हाईत?"

"व्हतील कशी? फूल आलं की कळतं की. माझी शेवटपतूर पिवळी राहती, केसरची वाळता वाळता लाल पडती. ज्यानं पेरलं त्यानं लाल बोंडं वायली खुडायची, वायली बडवायची, आन येत्या साली मूठ ज्याची त्याला माघारी. पाठराखीण काय जल्मभर ऱ्हाती का नवरीपाशी?"

मनकर्णाच्या डोळ्यांसमोर त्या करड्या पट्ट्या आल्या. सोळा आणि चौदा. शेजारी शेजारी चाललेल्या, कुठंच एकमेकींत न गेलेल्या. प्रयोगशाळेत मात्र फुलापर्यंत कुणी थांबलं नव्हतं. वीस बिया रुजवल्या, कोवळी पानं खुडली आणि सगळी एकत्र कुटली.

"तुमची आणि केसरबाईंची पहिल्यापासून देवाणघेवाण होती?" तिनं विचारलं.

"पयल्यापासून कुठली!" छबुबाई हसल्या. "आमी गायरानात नांगर घातला तवा तिची सासू आमाला बांधावर उभी ऱ्हाऊ देत नव्हती. केसर नवी नवरी. ती सासूची नजर चुकवून यायची आन मूठ वरून सोडायची, माझ्या पदरात. चार-सहा वर्सं अशीच गेली. मंग एक दिस तिनं हातात दिली. माझा हात धरून, त्याच्यावर आपली मूठ उघडली. सासू पल्याड उभी राहून बघत व्हती."

"काय म्हणाली सासू?"

"ती काय म्हणाली ते ध्यानात न्हाई. केसर तिथून हिरीवर गेली, तवा मी बघत व्हते, हात धुती का. न्हाई धुतला. तसंच पाणी शेंदलं आन घागर डोक्यावर घेऊन गेली."

जाईनं त्यांच्या गळ्यातला काळा दोरा धरून ओढला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"तिचं बी अजून असेल ना कुणाकडं?" मनकर्णानं विचारलं.

"तिच्या लेकानं, सर्जेरावानं, शिमग्याला घाण्यावर नेलं. समदं. त्याला तरी काय म्हणावं, घरात तेल न्हवतं. आन माझ्याकडं तिची जी मूठ व्हती ती मी पुडीत घातली."

म्हणजे केसरबाईच्या वाणाचं आता जगात जे काही उरलं होतं, ते हैदराबादच्या फ्रीजमध्ये, सतरा नंबरच्या पुडीत होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खोलीत मोहनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आता ह्या बायकांना काय म्हणावं! सरकारी कामाला पाठराखीण!" मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "ऐक मनकर्णाताई. सोपं हाय. तू ते लाल बटण दाब. छबुबाईच्या गाडग्यात तिचं स्वतःचं बी हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग निव्वळ तिचंच नवं पाठव. महिनाअखेरीला यादी बंद व्हती, त्याच्या आत पोचतंय. जुनी पुडी गेली तर गेली."

"त्यात केसरबाईंचं बी आहे. शेवटचं."

"केसरबाई माझी चुलती व्हती, नात्यानं," मोहनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला वाईट वाटत न्हाई असं समजू नकोस. पर मेलेल्या माणसाच्या मूठभर करडईपाई जित्या बाईचं नाव मागं ठेवायचं? सहा गावांतला ह्यो एकच नंबर म्होरं सरकलाय. आन दुसरं, फारमावर 'मिसळ नाही' कुणी लिवलंय? तूच. आता दोन हायेत म्हणून लिवशील तर खोटं कोण पडंल?"

मोहनरावांचं एकेक वाक्य बरोबर होतं. घरी येताना तिनं ते उलटसुलट करून बघितलं, पण चूक सापडेना.

संध्याकाळी ती पुन्हा छबुबाईंकडं गेली आणि काही न लपवता सांगितलं. नवी पुडी पाठवली तर यंदाच नाव लागेल, पण जुनी जाळतील. एका नंबरला एकच पुडी ठेवतात. जुनीच ठेवा म्हटलं तर सतरा नंबर यंदाच्या यादीतून जाईल, आणि पुढच्या वर्षाचं आत्ता कुणीच छातीठोक सांगणार नाही.

छबुबाई उठल्या. आत गेल्या, गाडगं घेऊन आल्या. वरची राख बाजूला सारून त्यांनी मूठभर करडई तळहातावर घेतली आणि बघत राहिल्या. पांढरं, टपोरं बी.

"माझं नाव छापून येणार व्हतं का गं?"

"हो. पुस्तकात."

"आमच्यात कुणाचंच न्हाई आलेलं." त्या बी निरखत राहिल्या. "माझ्या नातवाला म्या सांगून ठेवलंय, तुझ्या आजीचं नाव येणार म्हणून."

मनकर्णानं सांडलेली राख बोटानं गोळा केली.

"दोघीतलं कुणाचं चांगलं निघालं? तुझ्या त्या कंप्युटरमंदी दिसतं का?"

"अजून सांगता येत न्हाई. दिसंल पुढं कधीतरी."

"दिसलं तरी मला सांगू नगंस." त्यांनी बी पुन्हा गाडग्यात सोडलं, वर राख पसरली, फडकं बांधलं. "ऱ्हाऊ दे जुनीच. माझं गाडगं हाय माझ्यापाशी, मला काय घाई हाय? तिला कोण हाय दुसरं?"

त्यानंतरचे अकरा दिवस मनकर्णानं जाईची प्रत्येक झोप सतरा नंबरवर घातली. नुसतं 'दोन आहेत' म्हणून भागणार नव्हतं, दोन्ही वेगळी ओळखता येतात हे दाखवायला हवं होतं. रेघेवर चाळीस ठिकाणी तिनं दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, एकीला एक रंग दिला, दुसरीला दुसरा. एक जनुक असं सापडलं, की त्याचा निळा ठोकळा एकीत पुरा होता आणि दुसरीत मध्येच तुटलेला. कोणती कुणाची हे तिला ठाऊक नव्हतं. जाणून घ्यायचा मोह झाला, पण ती पुढं सरकली. जाईला दात येत होते, त्यामुळं झोपा तुटक होत्या. एकदा तर तिला मांडीवर पाजता पाजता एका हातानं ठोकळा सरकवला, आणि तो चुकीच्या जागी बसला म्हणून पुन्हा सगळं करावं लागलं.

शेवटी शेऱ्याच्या चौकटीत तिनं लिहिलं: 'ही भेसळ नाही. एका वाणाबरोबर दुसरं वाण सोबतीला देण्याची इथली रीत आहे. फूल आल्यावर दोन्ही वेगळी करतात. फॉर्ममधील चूक माझी. मिसळ आहे का, असं मी विचारलं. पुडीत कोण कोण आहे, असं विचारायला हवं होतं.' आणि खाली आपलं पूर्ण नाव.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"मनकर्णा, तुझा शेरा वाचला. दोनदा वाचला. अगं, ह्याला आमच्याकडं रकानाच नाहीये. एकतर शुद्ध, नाहीतर भेसळ."

"हो मॅडम."

"सतरा नंबर यादीतून काढावा लागेल. आणि तुझ्या फॉर्मवर इथून पुढं दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. वरून तसं आलंय. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही, मॅडम." वाटलं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "आणि पुडी?"

पलीकडं फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. "पुडी ठेवतेय. त्यातले एकतीस दाणे काढलेत. माझ्या खिडकीशी कुंड्यांत लावते. फुलापर्यंत थांबायचं म्हणालीस ना? थांबू."

आषाढ कोरडा गेला. श्रावण लागला तरी वाडीवर ढग नुसते यायचे आणि नगरच्या अंगाला निघून जायचे. एका दुपारी मनकर्णाच्या फोनवर फोटो आला. ती तशीच उठली, जाईला भामाबाईंकडं दिलं आणि छबुबाईंना गाठायला धावली. त्या घरी नव्हत्या. टँकर यायचा होता, म्हणून पाराजवळ घागर घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"मावशी, फुलली!"

छबुबाईंनी पदरानं डोळे पुसून फोन हातात घेतला. खिडकीच्या कठड्यावर कुंड्या दाटीवाटीनं मांडल्या होत्या. एकतीसपैकी चोवीस बिया रुजल्या होत्या. तेरा पिवळ्या. मधूनमधून, मोजून अकरा, लाल पडत चाललेल्या.

त्यांनी एकेका लाल फुलावर बोट ठेवलं. बोटानं फोटो मोठा झाला, तशा दचकल्या, मग तसाच राहू दिला.

"काटं लई आलेत," त्या म्हणाल्या. "तिची अशीच यायची. खुडताना हाताला फडकी बांधायची मी, ती तशीच खुडायची."

"मॅडम म्हणाल्या, दोन्ही बी वेगळं धरतील. तुमचं सतरा, तिचं सतरा-ख. पण नोंदीला तिचं पुरं नाव पाहिजे."

"केसरबाई."

"आडनाव, नवऱ्याचं नाव..."

"ते सर्जेरावाला इचार. मला केसर येवढंच ठाव." त्या फोनकडंच बघत होत्या. "चाळीस वर्सांत दुसरं नाव लागलंच न्हाई."

वळणावर टँकरचा भोंगा वाजला. बायकांची एकच गडबड उडाली, घागरी एकमेकींवर आपटल्या. छबुबाईंनी फोन परत दिला, घागर कमरेवर घेतली आणि रांगेत नीट उभ्या राहिल्या. पुढची ताराबाई चार पावलं सरकली होती. मध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली होती. छबुबाई त्या जागेकडं बघत उभ्या होत्या.

"सरका की म्होरं, मावशी," मागून कुणीतरी म्हणालं. मग त्या सरकल्या.